प्रवाळाच्या टाकीचा दिवा केल्विनवरून घेऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवू पाहणारा माणूस दुकानात गेला की दिव्याबाबत त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : दहा हजार केल्विनचा घेऊ की वीस हजारचा? दुकानदारही त्याच भाषेत उत्तर देतो आणि खोक्यावरचा आकडा बघून सौदा होतो. नुसते मासे ठेवायचे असतील तर यात फारसे काही बिघडत नाही. टाकीत प्रवाळ असतील तर मात्र दिवा हेच त्यांचे मुख्य अन्न असते, आणि त्या अन्नात काय काय आहे हे केल्विनचा, म्हणजे उजेडाच्या छटेचा, आकडा सांगतच नाही. दिवा घेताना तरंगलांबी (प्रकाशाचा नेमका रंग सांगणारे, नॅनोमीटरमधले माप) विचारावी, लावल्यावर प्रकाशाची मात्रा मोजावी आणि रंगाचा थाट सगळ्यात शेवटी बघावा, हे आपल्या वाचकांपर्यंत पोचावे म्हणून हे सविस्तर पत्र.

आधी कायद्याचे सांगतो, कारण कोणता दिवा लागणार हे त्यावरच ठरते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या ज्या पहिल्या अनुसूचीत वाघ आहे, त्याच अनुसूचीत शैलभित्ती बांधणारे सगळे टणक प्रवाळ आहेत. काळे प्रवाळ, फायर कोरल, ऑर्गन पाइप कोरल आणि समुद्रपंखेही तिथेच आहेत. मालवणच्या किनाऱ्यावर सापडलेला प्रवाळाचा मेलेला तुकडासुद्धा उचलून घरी आणू नये. त्यामुळे महाराष्ट्र-गोव्यातल्या घरगुती टाकीत विचार करायचा तो झोअँथिड, मशरूम आणि लेदर या मऊ अंगाच्या प्रवाळांचाच, आणि तोही पक्के बिल घेऊन, माल कुठून आला हे दुकानदाराकडून लिहून घेऊन. टाकीतला दगडही समुद्रातून काढलेला नको. पाणी स्वच्छ ठेवणाऱ्या जिवाणूंना थारा देण्याचे काम कोरडा किंवा सिरॅमिकचा दगडही काही महिन्यांत करू लागतो. या मऊ प्रवाळांना मध्यम प्रकाश लागतो. टणक प्रवाळांसाठी बनवलेले तीव्र दिवे त्यांच्यावर पूर्ण ताकदीने सोडले, तर ते पहिल्याच आठवड्यात मिटतात.

प्रवाळाच्या अंगात झूझँथेली नावाचे एकपेशीय शैवाल राहते. प्रकाशातून साखर तयार करण्याचे काम हे शैवाल करते आणि तिचा मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. या शैवालातले क्लोरोफिल ए आणि क्लोरोफिल सी-२ हे ४३० ते ४६० नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक प्रकाश शोषतात. पेरिडिनिन हे शैवालाचे तिसरे रंगद्रव्य ४७० पासून ५४० पर्यंतच्या निळ्या-हिरव्या पट्ट्यात काम करते. क्लोरोफिलला ६६० च्या आसपासचा लाल प्रकाशही चालतो, पण समुद्रात तो फार खाली जात नाही. पाणी लाल रंग वरच्या काही मीटरांतच गिळून टाकते. विजयदुर्गच्या पश्चिमेला भर समुद्रात असलेल्या आंग्रिया बँकेचा माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर आहे. तिथल्या प्रवाळांना मिळतो तो निळा आणि थोडा हिरवा प्रकाश. मालवणच्या किनाऱ्यालगत चित्र निराळे आहे. गाळ आणि कुजलेल्या पालापाचोळ्यातून पाण्यात उतरणारी पिवळसर द्रव्ये तिथे निळा प्रकाशही शोषून घेतात, म्हणून तिथला उजेड मंद आणि हिरवट असतो. तरीही तिथे प्रवाळ जगतात. ‘जितका निळा तितका चांगला’ ही समजूत म्हणूनच अपुरी आहे. टाकीच्या दिव्यात निळ्याचा पाया भक्कम हवा, आणि त्यावर हिरव्या-पिवळ्याचा थोडा भाग हवाच.

आता केल्विनचे. दिव्याचा उजेड डोळ्याला कोणत्या छटेचा भासतो एवढेच हे माप सांगते. एलईडीचा पांढरा प्रकाश म्हणजे मुळात निळी चिप (उजेड देणारा बारीक दाणा) आणि तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा, म्हणजे निळा उजेड शोषून पिवळा देणाऱ्या पुडीचा, लेप. त्यात ४५० नॅनोमीटरच्या आसपास उंच शिखर, ४८० च्या आसपास दरी आणि पुढे ५५० च्या दोन्ही बाजूंना पसरलेली टेकडी असते. दोन दिव्यांवर १४ हजार केल्विन छापलेले असूनही एकात ४२० चा जांभळा भरपूर असतो आणि दुसऱ्यात तो औषधालाही सापडत नाही. दुकानदाराकडे मागायची ती चिपची यादी : किती चिप, प्रत्येकीची तरंगलांबी किती आणि कोणत्या चिप एकाच चॅनेलवर (एकत्र कमी-जास्त होणाऱ्या गटात) जोडल्या आहेत. आमच्या मते मऊ प्रवाळांच्या दिव्यात निम्म्याच्या आसपास चिप ४४५ ते ४५५ च्या रॉयल ब्लू असाव्यात, पाव हिस्सा ४६५ ते ४७५ चा निळा, दहावा हिस्सा ४०० ते ४२५ चा जांभळा आणि उरलेला बहुतेक भाग ६५०० ते ८००० केल्विनचा पांढरा. ५०० च्या आसपासच्या सायनच्या (निळसर हिरव्या) एक-दोन चिप असतील तर ती ४८० ची दरी थोडी भरून निघते. सुट्या लाल-हिरव्या चिप नसल्या तरी अडत नाही. पांढऱ्यातून तेवढे मिळते. त्या असल्याच तर पाच टक्क्यांच्या वर नेऊ नयेत. सगळ्या रंगांच्या चिप एकाच भिंगाखाली दाटीने बसवलेला दिवा घ्यावा. त्या लांब लांब असल्या की वाळूवर लाल-हिरवे ठिपके नाचतात आणि दगडाच्या एका बाजूला एक रंग, दुसऱ्या बाजूला दुसराच पडतो. ‘यूव्ही’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चिप बहुधा ३९५ ते ४२० च्या जांभळ्याच असतात. डोळ्याला त्या मंद भासतात, पण ताकद पूर्ण असते. मुलांना त्यांच्याकडे टक लावून बघू देऊ नये.

पांढरा मुळीच नको, सगळा दिवा निळाच ठेवू, असा आग्रह हल्ली फार दिसतो. त्याचे कारण दुकानातला झगझगाट. प्रवाळांमध्ये फ्लुओरेसंट प्रथिने असतात. ती निळा प्रकाश शोषून हिरवा किंवा तांबडा बाहेर टाकतात, आणि भोवती बाकी उजेड नसला की तो निऑनसारखा उठून दिसतो. सगळी प्रथिने मात्र निळ्यावर चालत नाहीत. जगभरच्या प्रयोगशाळांत वापरले जाणारे डीएसरेड हे लाल प्रथिन डिस्कोसोमा या मशरूम प्रवाळातून मिळाले. त्यावरचे संशोधन १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. ते सर्वाधिक प्रकाश शोषते ५५८ नॅनोमीटरला, म्हणजे हिरव्या-पिवळ्याच्या सीमेवर, आणि बाहेर टाकते ५८३ ला. तांबडा मशरूम नुसत्या निळ्याखाली विझल्यासारखा दिसतो तो यामुळे. पांढरा दहा टक्के वाढवला की त्याच्यात जीव आल्यासारखा वाटतो. काही प्रवाळांतली गुलाबी-जांभळी रंगद्रव्ये तर मुळीच उजळत नाहीत, फक्त प्रकाश परावर्तित करतात. निळ्या दिव्याखाली ती काळपट दिसतात.

याहून गंभीर गोष्ट अशी, की निळा दिवा आजार झाकतो. अंगातले शैवाल निघून जाऊन प्रवाळ फिके पडत असतील तर ते पांढऱ्या उजेडात चटकन कळते. निळ्यात तेच प्रवाळ चमकत राहतात. कधी कधी तर जास्तच चमकतात. शैवाल गेले की ऊतींच्या आत उसळणारा प्रकाश वाढतो आणि त्याला उत्तर म्हणून काही प्रवाळ रंगीत प्रथिने अधिक तयार करतात, हे साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिले. झगमगणारा प्रवाळ ठणठणीत असेलच असे नाही. म्हणून खरेदीच्या वेळी दुकानदाराला निळा दिवा बंद करून पांढरा लावायला सांगावे आणि दोन मिनिटे नीट बघावे. पांढऱ्याखाली तपकिरी अंग दिसले तर घाबरू नये, ते शैवालाचे आहे. पांढरे, काचेसारखे पारदर्शक अंग दिसले तर तो नग घेऊ नये.

घरगुती टाकीचे नेहमीचे माप धरू : ९० सेंमी लांब, ४५ रुंद, ४५ उंच, म्हणजे साधारण १८० लिटर. एवढ्या लांबीला मध्यावर एकच तीव्र दिवा टांगण्यापेक्षा मध्यम ताकदीचे दोन दिवे पाण्यापासून २० ते २५ सेंमी उंचीवर लावावेत. मधोमध जळणारी जागा राहत नाही आणि दगडांच्या सावल्याही सौम्य पडतात. भिंगे ९० ते १२० अंशांची बरी. ६० अंशांची अरुंद भिंगे खोल टाक्यांसाठी असतात. बाजारात दोन डायलचा, १६५ वॅट लिहिलेला काळा चौकोनी दिवा सर्रास मिळतो. प्रत्यक्षात तो तेवढी वीज ओढत नाही, तरी मऊ प्रवाळांना त्याची ताकद जास्तच आहे. तो ३० सेंमीवर टांगावा, निळा डायल तिशीत आणि पांढरा पाच ते दहावर ठेवून सुरुवात करावी. ज्यांच्याकडे अजून टी-५ नळ्या (बारीक ट्यूबलाइट) आहेत त्यांनी ३९ वॅटच्या चारपैकी दोन ४६० च्या निळ्या, एक ४२० ची अ‍ॅक्टिनिक (जांभळट निळी) आणि एक दहा-बारा हजार केल्विनची पांढरी ठेवावी. टी-५ खालची वाढ अतिशय एकसारखी होते आणि ती व्यवस्था उगाच मोडीत काढू नये, असे आमचे मत आहे. नळ्या मात्र नऊ ते बारा महिन्यांनी बदलाव्यात. डोळ्याला त्या ठीक दिसतात, पण तोवर त्यांची मात्रा घसरलेली आणि रंग सरकलेला असतो. चारही एकदम बदलू नयेत. दर दोन आठवड्यांनी एक.

वेळापत्रक संध्याकाळी घरी येणाऱ्यांच्या सोयीने बसवता येते. दुपारी १ वाजता निळा-जांभळा मंद सुरू करून ३ पर्यंत हळूहळू पूर्णावर न्यावा. ३ ते ८ पांढऱ्यासह सगळे चॅनेल. ८ ते १० फक्त निळा, उतरत्या क्रमाने. चमक बघायची हौस याच वेळात भागते. त्यानंतर पूर्ण अंधार. रात्रभर निळा ‘चांदण्याचा’ दिवा ठेवायची पद्धत आम्हाला पटत नाही. प्रवाळांना आणि माशांना खरी रात्र हवी. वीज वारंवार जात असेल तर साधा फिरता टायमर वापरू नये. तासभर वीज गेली की तो तासभर मागे पडतो, आणि महिन्याभरात टाकीचा दिवस मध्यरात्रीपर्यंत सरकतो. बॅटरीवर वेळ राखणारा टायमर घ्यावा. टाकीच्या सगळ्या जोडण्या आरसीसीबीमागे (वीज गळली की ती तोडणाऱ्या स्विचमागे) असाव्यात. खारे पाणी आणि वीज यांच्यामध्ये दुसरे संरक्षण नाही.

मात्रा मोजण्याबाबत सर्वात जास्त घोळ होतो, म्हणून जरा थांबून सांगतो. लक्स हे माप माणसाच्या डोळ्यासाठी आहे. डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्याला सर्वाधिक संवेदनशील असतो; ४५० च्या निळ्याला लक्सच्या हिशोबात त्याच्या तुलनेत जेमतेम ४ टक्के वजन मिळते. म्हणजे निळ्या दिव्याखाली मोबाइलवरचे लक्स अ‍ॅप अगदी कमी आकडा दाखवते, माणूस दिवा वाढवतो आणि प्रवाळ भाजतात. लागतो तो ‘पार’ (PAR) मीटर, जो ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले सगळे प्रकाशकण सारखेच मोजतो. एकक मायक्रोमोल प्रति चौरस मीटर प्रति सेकंद. भर दुपारच्या उघड्या उन्हात ते सुमारे २००० असते. मशरूमला ३० ते ८० पुरतात, झोअँथिडला ६० ते १५०, लेदरला ८० ते १५०. मीटर घेताना किंवा भाड्याने आणताना तो निळे पूर्ण मोजणारा, एलईडीसाठी बनवलेला आहे ना हे विचारावे. जुन्या सेन्सरचे मीटर निळ्या टोकाला कमी आकडा दाखवतात. मीटर महाग असतो. एका शहरातल्या पाच-सहा जणांनी मिळून एक घेतला तरी चालतो, कारण दिवा लावताना, बदलताना आणि मग वर्षातून एखाद्या वेळी एवढीच त्याची गरज असते.

मोजताना सेन्सर प्रवाळ बसणार त्याच जागी, तोंड सरळ वर करून धरावा. सेन्सरवर अडकलेले बुडबुडे बोटाने पुसावेत. पृष्ठभाग हलत असला की आकडा नाचतो, म्हणून पंप दोन मिनिटे बंद ठेवावेत किंवा सरासरी घ्यावी. पाण्याखालच्या वाचनाला उत्पादकाने दिलेला गुणक लावावा. तळाशी नऊ आणि दगडाच्या माथ्यावर चार-पाच जागा मोजून कागदावर नकाशा काढला की कोणता प्रवाळ कुठे हे आपोआप ठरते. पांढरा चॅनेल वाढवताना छटेसोबत मात्राही वाढते हे लक्षात ठेवावे. फक्त रंग बदलायचा असेल तर पांढरा वाढवून निळा तेवढाच उतरवावा आणि पुन्हा मोजावे.

मीटर नसेल तर कमीपासून सुरुवात आणि धीर. मध्यम ताकदीचा नवा दिवा ४० ते ५० टक्क्यांवर लावून दर आठवड्याला ५ टक्के वाढवावा. नवा प्रवाळ पहिले दोन आठवडे तळाशी, कडेला ठेवावा. उजेड जास्त झाला की झोअँथिड मिटलेले किंवा दगडाला चिकटल्यासारखे बसके राहतात, मशरूमच्या कडा आत वळतात आणि अंग आक्रसते. कमी पडला की झोअँथिड देठ लांबवून दिव्याकडे मान उंच करतात, मशरूम ताटलीएवढा पसरतो, रंग तपकिरीकडे झुकतो. लेदर मिटले आणि त्यावर मेणासारखा पापुद्रा आला तर दिव्याला हात लावू नये. ते अधूनमधून कात टाकते; पाण्याचा प्रवाह थोडा वाढवावा आणि काही दिवस वाट बघावी. फिकेपणा दिसला की आधी नायट्रेट आणि फॉस्फेट तपासावे. दोन्ही शून्यावर असतील तर उपाशी शैवाल निघून जाते आणि दोष दिव्यावर येतो. नायट्रेट ५ ते १५ पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ असावे. वाळूवर सायनोबॅक्टेरियाचा (प्रकाशावर वाढणाऱ्या जिवाणूंचा) लालसर बुळबुळीत थर आला की लोक लाल चिप बंद करतात. त्या सायनोबॅक्टेरियाचे एक रंगद्रव्य ६२० च्या आसपास लाल प्रकाश शोषते हे खरे, पण मूळ दुखणे बहुतेक वेळा साचलेले अन्न आणि मंद प्रवाह हेच असते. नळीने थर ओढून काढावा, पंपाची दिशा बदलावी, खाणे कमी करावे.

एका गोष्टीकडे जवळजवळ कोणीच लक्ष देत नाही : पाण्याचा पिवळेपणा. शैवाल आणि उरलेल्या अन्नातून उतरणारी द्रव्ये महिनोन्‌महिने साठतात आणि नेमका जांभळा-निळा प्रकाश खातात. समोरून, म्हणजे ४५ सेंमी पाण्यातून बघताना तो दिसत नाही. पांढरा दिवा लावावा, एका टोकाच्या काचेला पांढरा कागद टेकवावा आणि ९० सेंमीच्या पलीकडच्या टोकाकडून बघावे. कागद फिकट चहाच्या रंगाचा दिसला तर अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन (पाण्यातला रंग शोषणारा कोळसा) घालायची वेळ झाली. पण अशा जुन्या पिवळ्या पाण्यात एकदम भरपूर अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन घातला की दोन दिवसांत पाणी स्वच्छ होते आणि दिव्याला हात न लावताही प्रवाळांवरचा निळा प्रकाश एकाएकी वाढतो. ‘काहीच बदलले नव्हते तरी प्रवाळ पांढरे पडले’ अशा तक्रारींमागे पुष्कळदा हेच असते. १८० लिटरला २५ ते ३० ग्रॅमपासून सुरुवात करावी, आणि त्या आठवड्यात दिवा २० टक्के उतरवून मग हळूहळू मूळ पातळीवर आणावा. दिव्याच्या भिंगावर बसणारे मीठही असेच फसवते. ते दर आठवड्याला आरओच्या पाण्याने ओलावलेल्या मऊ कापडाने पुसावे. महिन्यांनी एकदाच पुसले तर तोही एक धक्काच असतो. दिव्याखालचे अ‍ॅक्रिलिकचे झाकण कालांतराने पिवळे पडते, ते काढून जाळी लावावी. एप्रिल-मे महिन्यांत दिव्याचा पंखा मिठाने आणि धुळीने तुंबलेला नाही ना, हेही बघावे.

आपले वृत्तपत्र परदेशातले मराठी वाचकही वाचतात. जिथे शेती केलेले टणक प्रवाळ कायद्याने घेता येतात, तिथे रंगाचा हिशोब हाच राहतो, मात्रा मात्र बदलते. मोठ्या पॉलिपच्या (प्रवाळाच्या एकेका तोंडवाल्या जिवाच्या) टणक प्रवाळांना पार मीटरवर ७५ ते १५०, अ‍ॅक्रोपोरासारख्या बारीक पॉलिपच्या प्रवाळांना २०० ते ३५०. तिथेही स्थानिक नियम आणि सायटीसची (धोक्यातल्या जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराची) कागदपत्रे बघूनच घ्यावेत. सगळे टणक प्रवाळ सायटीसच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत.

विक्रेत्यांकडे आमच्या तीन मागण्या आहेत. दिव्याच्या बिलासोबत चिपची आणि चॅनेलची यादी द्यावी. प्रदर्शनाच्या टाकीवर पांढऱ्या दिव्याचे वेगळे बटण ठेवावे आणि गिऱ्हाइकाने न मागताही ते दाबून दाखवावे. आणि ज्याच्याकडे टणक प्रवाळ विकायला दिसतील त्याच्याकडून दिवासुद्धा घेऊ नये असे ग्राहकांना वाटू लागण्याआधीच तो व्यापार थांबवावा. मालवणच्या पाण्यात जे अजून जिवंत आहे, ते कोणाच्या दिवाणखान्यातल्या निळ्या उजेडासाठी तोडले जाऊ नये, ही आमची मनापासूनची कळकळ आहे.

आपले,
खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळणारे काही वाचक,
पुणे